लाईन आधी कुणाला?



मागच्या महिन्यातला पासवर्डवरचा लेख वाचून एका ताईंनी विचारलं होतं, "घरात शंभर एमबीपीएसचं फायबर घेतलंय. तरी मुलीशी व्हिडिओवर बोलताना आवाज तुटतो. मग हे शंभर जातात कुठं?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात आमच्या नेटवर्कच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न दडलाय. लाईन एक आणि मागणारे दहा, तर आधी कुणाला द्यायची? गेली बावीस वर्षं मी पोटासाठी हेच काम करतो. तरी याचं उत्तर आमच्याच घरात चुकलं, म्हणून हा महिना त्यालाच देतो.

आमचे आप्पा निपाणीला थोरल्या भावाकडे असतात. वय ८१. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, त्यामुळे पायांवर सूज येते. कोल्हापूरचे एक डॉक्टर त्यांना बघतात. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, पण आता त्यांना दर वेळी गाडीत बसवून नेणं होत नाही. म्हणून मधल्या तपासण्या व्हिडिओवर होतात. वैनी टॅब धरतात, आप्पा चष्मा लावून बसतात, आणि मी बेळगावातून तिसऱ्या चौकटीत असतो. त्या दिवशी नेमका मी नव्हतो.

डॉक्टरांनी सूज बघितली, बीपी विचारलं आणि म्हणाले, "सूज उतरलीय. आता ती सकाळची लघवीची गोळी घ्यायची नाही. आठ दिवसांनी रक्त तपासू." निपाणीच्या खोलीत पोचलं ते असं: "आता ती सकाळची लघवीची गोळी घ्यायची... आठ दिवसांनी रक्त तपासू."

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शेवट गळाला की नकाराचा होकार होतो, आणि राहिलेलं वाक्य ऐकायला अगदी सरळ वाटतं. कुणाला शंकाच आली नाही. मागाहून डॉक्टरांची लेखी चिठ्ठीही मोबाईलवर आली होती, पण "ऐकलंय की सगळं" म्हणून ती कुणी उघडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी वैनींचा फोन आला. "भावजी, आप्पा उठताना चक्कर येऊन भिंतीला टेकल्यात बघा. घाम फुटलाय." भिंत होती म्हणून पडले नाहीत. डॉक्टरांना लगेच फोन केला, गोळी बंद झाली, दोन दिवसांत बीपी जागेवर आलं. नशीब म्हणायचं.

त्या रविवारी मी निपाणीला गेलो. आधी वाटलं, लाईनच खराब असेल. तपासली तर चाळीस एमबीपीएसची लाईन पुरते चाळीस देत होती. पुतण्याला विचारलं, "त्या दिवशी साडेसहाला काय चाललं होतं रे?" तो खाली बघून म्हणाला, "काका, गेमचं अपडेट लावलेलं. साठ जीबीचं होतं." शिवाय हॉलमध्ये टीव्हीवर मॅच. दोष त्याचा नाही. घरातल्या लाईनवर आधी कोण, हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि ते ठरवायला हवं होतं मी.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. इंटरनेटवर आवाज सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात, साधारण दर वीस मिलीसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला पन्नास. "नाही" म्हणायला तिसरा हिस्सा सेकंद धरला, तर तेवढ्यात पंधरा-सतरा तुकडे निघतात. या तुकड्यांना रुंद रस्ता लागत नाही. नुसत्या आवाजाला शंभर किलोबिट पुरतात आणि चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस. म्हणजे आप्पांच्या कॉलला त्या चाळीसातला फार तर तेरावा हिस्सा हवा होता. त्यांना हवं असतं ते वेळेवर पोचणं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलीसेकंदांच्या आत आवाज पोचला तर संभाषण सहज वाटतं. त्याहून फार उशिरा आलेला तुकडा संगणक टाकूनच देतो, कारण पुढचा शब्द सुरू झालेला असतो.

गेमच्या फाईलचं तसं नाही. तुकडा हरवला तर ती परत मागते, उशीर झाला तर थांबते. शेवटी फाईल पूर्ण मिळते. पण मिळेल तेवढी जागा व्यापायची, हा तिचा स्वभाव. ती पूर आल्यासारखी येते, लाईनच्या तोंडाशी रांग लागते, आणि त्या रांगेत डॉक्टरांचा "नाही" शेवटी उभा राहतो. जिम गेटिस नावाच्या अभियंत्याने २०१० च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. रांगेला जागा जास्त दिली की रांग लांबते, एवढाच त्याचा अर्थ. लाईन चाळीसची ऐवजी शंभरची घेतली, तर गेम लवकर उतरेल. पण उतरेपर्यंत रांग तशीच राहील. शंभर कुठं जातात, याचं उत्तर हे.

हे सगळं मी वैनींना सांगत होतो तेव्हा मावशी तिथंच सोप्यावर बसली होती. आईची धाकटी बहीण. सत्तरच्या दशकात ती निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती म्हणाली, "यात नवीन काय? आमच्याकडं हेच की."

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. परगावी फोन करायचा तर आधी ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाईटनिंग असे तीन दर्जे. अर्जंटला दुप्पट पैसे, लाईटनिंगला आठपट. बाहेरगावी जाणाऱ्या लाईन थोड्या, बुकिंग ढीगभर. ऑपरेटरच्या समोर चिठ्ठ्या, कानाला हेडफोन, हातात दोर. कुठली चिठ्ठी आधी घ्यायची ते दर्जावर ठरायचं, आणि एकाच दर्जाच्या असतील तर नंबराने. तंबाखूच्या हंगामात वखारींचे लाईटनिंग एकामागून एक यायचे, भाव विचारायचे, गाडी सांगायची. ऑर्डिनरी लावून बसलेला माणूस तासन् तास बसायचा.

मावशीने एक प्रसंग सांगितला. मला तो माहीत नव्हता. अशाच हंगामात एक बाई एक्स्चेंजच्या दारात आली. नवरा कोल्हापूरला दवाखान्यात, सही पाहिजे म्हणून निरोप आलेला, काय झालंय ते कळत नाही. ऑर्डिनरीपुरतेच पैसे हातात. कोल्हापूरची लाईन रिकामी होत आलेली आणि पुढची चिठ्ठी एका वखारीच्या लाईटनिंगची. नियम सरळ होता. मावशीने नियम मोडला नाही. तिने वखारीला फोन लावला आणि विचारलं, "तुमचा नंबर आलाय. एका बाईचा माणूस दवाखान्यात आहे. तीन मिनिटं दिली तर चालतील का?" पलीकडून दिवाणजी म्हणाले, "द्या की. त्यात काय विचारता." त्या वखारीचे दिवाणजी म्हणजे आमचे आप्पा. शेठ नंतर रागावले का, हे आम्ही त्यांना विचारलं. ते नुसते हसले.

आजचं नेटवर्क मावशीच्या बोर्डापेक्षा लाखो पटींनी मोठं आहे, पण तिची तीन कामं तशीच आहेत. पहिलं, चिठ्ठीवर दर्जा लिहिणं. इंटरनेटच्या प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर दर्जा लिहायला सहा बिटांची जागा आहे. हे १९९८ मध्ये ठरलं. त्यात ६४ खुणा बसतात, आणि आवाजासाठी प्रघातातली खूण आहे ४६. दुसरं काम, दर्जाप्रमाणे रांग लावणं. तिसरं सगळ्यात अवघड. लाईन भरली असेल तर नवीन माणसाला तोंडावर सांगणं, की आत्ता जमणार नाही. सगळ्यांना हो म्हटलं तर सगळ्यांचंच बोलणं तुटतं.

पण मावशीला फक्त आपला बोर्ड दिसायचा. कोल्हापूरच्या पुढे कुठे गर्दी आहे ते तिकडच्या ऑपरेटरला विचारल्याशिवाय कळायचं नाही. इंटरनेटचे राउटरही बरीच वर्षं असेच होते. प्रत्येक जण शेजाऱ्याशी बोलून आपापल्यापुरता निर्णय घ्यायचा. २००८ साली अमेरिकेत स्टॅनफर्डचे निक मॅककिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपनफ्लो' नावाची पद्धत मांडली. डोकं वेगळं आणि हात वेगळे, असा तिचा गाभा. पेटीने फक्त सांगितल्याप्रमाणे तुकडे पुढे ढकलायचे. कुठून ढकलायचे, कुणाला किती जागा द्यायची, हे एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरने ठरवायचं, ज्याला सगळं जाळं एकदम दिसतं. यालाच 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्क' म्हणतात. सगळ्या गावांचे बोर्ड एकाच मावशीसमोर मांडल्यासारखं.

याचा फायदा किती? गूगलने २०१३ मध्ये आपली डेटा सेंटरं जोडणाऱ्या 'बी-फोर' नावाच्या जाळ्याचा तपशील प्रसिद्ध केला. एरवी लांब पल्ल्याच्या अशा महागड्या लाईन सरासरी ३० ते ४० टक्केच भरून चालवायची रीत, म्हणजे अचानक गर्दी झाली तर जागा असावी. त्यांनी कित्येक लाईन जवळजवळ पूर्ण भरल्या आणि सरासरी ७० टक्क्यांवर नेली. जमलं ते एवढ्यासाठी, की माणसांच्या तातडीच्या कामाचा डेटा थोडा होता आणि यंत्रांची आपापसातली नक्कल भरपूर. नक्कल थांबू शकते. तातडीचं आलं की तिला बाजूला सारायचं, मोकळं झालं की तिने सगळी जागा वापरायची.

दुसरी सोय अशी, की एकाच तारेवर अनेक जाळी मांडता येतात. दवाखान्याचं वेगळं, बँकेचं वेगळं, तुमच्या-आमच्या करमणुकीचं वेगळं. प्रत्येकाला वाटतं तार आपलीच. ही झाली व्हर्च्युअल नेटवर्क. ५जीमध्ये याला 'स्लायसिंग' म्हणतात. भाकरीचा चतकोर आधीच तोडून बाजूला ठेवावा, तसं. मग मुख्य प्रश्न उरतो तो हा, की कुणाला केवढा चतकोर, आणि कुठल्या वाटेने?

बेळगावात व्हीटीयूचं मुख्यालय आहे, गावात इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत, त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुलं-मुली प्रोजेक्टसाठी विचारायला येतात. गेल्या वर्षी एका मुलीने हाच विषय घेतला होता. 'मिनिनेट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लॅपटॉपवरच सगळं जाळं उभं करता येतं. तिने तसं केलं. मागण्या येत होत्या, कुणाला पाच एमबीपीएस पण उशीर अजिबात नको, कुणाला पन्नास पण उशीर चालेल. तिचा प्रोग्राम प्रत्येक मागणीला वाट आणि जागा शोधून देत होता. हे कोडं फसवं आहे. मोठ्या जाळ्यात सगळ्यात उत्तम वाटणी शोधायची म्हटलं, तर वेगवान संगणकही वेळेत पुरा पडत नाही. म्हणून 'चालेल असं' उत्तर लवकर शोधायच्या युक्त्या वापरतात. तिची युक्ती चांगली होती. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मागण्या मान्य झाल्या.

मी विचारलं, "नाकारलेल्या दोन कुणाच्या?" तिने ते बघितलं नव्हतं. बघितलं तर दोन्ही जाळ्याच्या टोकाच्या गावातल्या निघाल्या, जिथं जायला एकच बारीक वाट होती. त्यातली एक तिनेच 'दवाखाना' म्हणून लिहिलेली. प्रोग्रामला शक्य तितक्या मागण्या मान्य करायच्या होत्या, आणि अवघड मागणी सोडून दिली की सोप्या चार बसतात. मोजमाप उत्तम, आणि दवाखाना बाहेर. तिने दुसऱ्या दिवशी नियम बदलला. आकडा अठ्ठ्याण्णवाचा त्र्याण्णव झाला. मी म्हटलं, हाच लिही. परीक्षकांनी विचारलं तर का कमी झाला ते सांग. तुझ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आता कुणी म्हणेल, मग दवाखान्याला मोठा हिस्सा कायमचा राखून ठेवा की. इथं बेळगावकरांना पाण्याचं उदाहरण लगेच कळेल. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, तेव्हा आपण काय करायचो? पाणी आलं की पिंप, हंडे, घागरी, बादल्या, जे असेल ते भरायचं. आणि नवं आलं की कालचं उरलेलं मोरीत ओतायचं. २००८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांतल्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. ज्या घरात नळ कधीही सोडला तरी पाणी येतं, तिथं पिंपं भरायचं कारणच उरत नाही. खात्री असली की साठा लागत नाही.

नेटवर्कमध्येही तेच होतं. लाईनचा भरवसा नसला की प्रत्येक ॲप आपलं पिंप भरून ठेवतं. व्हिडिओ सुरू होण्याआधी ते गोल फिरतं ना, ती पिंप भरण्याचीच खटपट. आणि ऑफिसं गरजेच्या तिप्पट लाईन मागून ठेवतात, न जाणो म्हणून. तेव्हा चांगल्या वाटणीची रीत अशी. खात्री द्यायची, पण लहान. दवाखान्याच्या चार कॉलना दहा एमबीपीएस लागतात, तर दहाच राखायचे, पन्नास नाही. आणि ते दहाही रिकामे असतील त्या क्षणी दुसऱ्याला वापरू द्यायचे, मात्र मालक आला की तत्काळ परत. बसमध्ये राखीव सीटवर मोकळी असेपर्यंत कुणीही बसावं, ज्याची आहे तो आला की उठावं. उठायचं ठरलेलं असेल, तर बसू द्यायला कुणाची हरकत नसते.

अजून एक गोष्ट आपल्या सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. निपाणी कर्नाटकात, पण गावाला लागून असलेल्या अर्जुननगरात देवचंद कॉलेज आहे ते महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. मोबाईल कंपन्यांच्या हिशोबातही इकडे कर्नाटक सर्कल, तिकडे महाराष्ट्र. काही वर्षांपूर्वीपर्यंत निपाणीचा मुलगा कॉलेजात पोचला, की फोन पलीकडचा टॉवर पकडायचा आणि आईने केलेला फोन घ्यायलाही त्याच्याच खात्यातून रोमिंगचे पैसे जायचे. घर आणि वर्ग यांच्यामध्ये चालत जायचं अंतर. लँडलाईनचा कोड तर अजून गमतीचा. बेळगावचा ०८३१, गोव्याचा ०८३२, आणि निपाणीहून जवळ असलेल्या कोल्हापूरचा ०२३१.

दर्जाच्या खुणेचंही असंच आहे. एका कंपनीच्या जाळ्यात तुकड्यावर ४६ लिहिलं, तर त्या कंपनीच्या हद्दीत त्याला मान. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात पाऊल टाकलं, की ती बहुतेक वेळा खूण पुसते किंवा तिच्याकडे बघतच नाही. तिचं तरी काय चुकलं? कुणीही आपल्या तुकड्यावर लाईटनिंग लिहून पाठवायला लागला तर? म्हणून आप्पांच्या खोलीतून डॉक्टरांच्या खोलीपर्यंतच्या सगळ्या वाटेची हमी आज घरगुती ग्राहकाला कुणी एकटा देऊ शकत नाही. मध्यवर्ती सॉफ्टवेअरला सगळं दिसतं हे खरं, पण आपल्या हद्दीपुरतं. हद्द ओलांडली की पुन्हा मावशीसारखं पलीकडच्याला विचारणं आलं. या कामावर जगभर अभियंते झटतायत, आणि ते नुसत्या तंत्राने सुटणारं नाही. दोन कंपन्यांमध्ये करार लागतो, हिशोब लागतो, मोडला तर जबाबदार कोण ते लिहावं लागतं.

आणि शेवटी पैशाचा प्रश्न. लाईटनिंगला आठपट पैसे होते, म्हणजे तेव्हाही ज्याच्याकडे पैसा त्याचा नंबर आधी. उद्या प्रत्येक स्लाइस विकायला निघाला तर? आपल्या देशात यावर बराच वाद झाला. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली, म्हणजे या वेबसाईटला वेगात आणि त्या वेबसाईटला हळू असा भेद कंपनीने करायचा नाही. मात्र दूरवरून होणाऱ्या शस्त्रक्रियेसारख्या, खात्रीशिवाय चालूच शकत नाहीत अशा 'विशेष सेवां'साठी वाट मोकळी ठेवली. माझ्या मते ही विभागणी रास्त आहे. पण विशेष कोण, ही यादी कोण करतं त्यावर आपलं लक्ष हवं. मावशीने काय ठरवलं ते त्या बाईला आणि वखारीला दोघांनाही ऐकू आलं होतं. आज तोच निर्णय सॉफ्टवेअर एका सेकंदात हजारो वेळा घेतं, आणि ज्याचा नंबर मागे गेला त्याला कळतही नाही. त्याला फक्त वाटतं, आज नेट स्लो आहे.

असो. निपाणीच्या घरी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे ताईंनाही उपयोग होईल.

राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' नावाचं पान असतं. पुष्कळ घरांत ते कुणी उघडलेलं नसतं. तिथं आधी लाईनचा वेग चाळीसऐवजी छत्तीस लिहिला. चार एमबीपीएस मुद्दाम सोडले. त्याने रांग कंपनीच्या पेटीत लागायची ती आपल्या पेटीत लागते, आणि आपल्या पेटीतली रांग आपल्याला लावता येते. मग आप्पांच्या टॅबला पहिला नंबर दिला. बाकी सगळ्यांना सारखं. गेमवर बंधन घातलं नाही. कॉल नसेल तेव्हा तो छत्तीसच्या छत्तीस घेऊ शकतो. टॅब मागच्या खोलीत होता, तिथं वायफाय अर्धंच पोचायचं, म्हणून तपासणीच्या दिवशी आप्पांनी सोप्यात बसायचं ठरलं. पुतण्याने स्वतःच मुद्दाम मोठं डाउनलोड लावून बघितलं. मी बेळगावला परतल्यावर कॉल केला, आवाज तुटला नाही. "काका, गेम पण फार स्लो नाही झाला," असंही त्याने कळवलं. तुमच्या राउटरमध्ये हे पान नसेल, तर महत्त्वाच्या कॉलच्या अर्ध्या तासापुरतं बाकीचं बंद ठेवा. घरातल्या घरात विचारून ठरवणं हीसुद्धा वाटणीच.

पण मावशीचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "लाईन किती बी चांगली असू दे. आम्ही नंबर घेतला की परत म्हणून दाखवायचो, आणि समोरच्यानं हो म्हटल्याशिवाय चिठ्ठी लिहायचो नाही. तुम्ही डॉक्टरला परत म्हणून दाखवलं का?"

नव्हतं दाखवलं. बावीस वर्षांच्या अनुभवावर तिने असं बोट ठेवलं. मधल्या तारेवर कितीही खर्च करा, निरोप नीट पोचला की नाही याची खात्री शेवटी दोन टोकांच्या माणसांनीच करायची असते. आम्हाला पुस्तकात शिकवलेलं होतं, घरात मात्र वापरलं नव्हतं.

मागच्या तपासणीला मी चौकटीत होतो. डॉक्टरांनी सांगून झाल्यावर आप्पांनी चष्मा काढला आणि एकेक गोळी हातात धरून विचारलं, "ही सकाळी एक. ही रात्री अर्धी. आणि ती तिसरी घ्यायची नाही. बरोबर?"

डॉक्टर म्हणाले, "बरोबर. घ्यायची नाही." वैनींनी वहीत लिहिलं आणि 'नाही'खाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर एकदा राउटरचं ते पान उघडून बघा, आणि काय दिसलं ते जरूर कळवा.